कोणाचं मूल कुठं आहे? अमेरिकेच्या सीमेवर ताटातूट झालेली कुटुंबं शोधणाऱ्या स्वयंसेवकांची गोष्ट

२०१८ च्या जूनमधलं 'टाइम' मासिकाचं मुखपृष्ठ तुमच्याही टाइमलाइनवर येऊन गेलं असेल. लालभडक पार्श्वभूमी, रडणारी एक चिमुरडी आणि तिच्याकडे वरून बघणारे डोनाल्ड ट्रम्प. अमेरिका-मेक्सिको सीमेवर सरकार आईबापांपासून मुलं तोडतंय, या बातमीचा तो चेहरा झाला. जगभर शेअर झाला.

पुढे कळलं की त्या मुलीची आईपासून ताटातूट झालीच नव्हती. होंडुरासहून आलेल्या त्या मायलेकींना ताब्यात घेतलं गेलं होतं, पण एकत्र. फोटो खरा होता, फोटोग्राफर जॉन मूर यांनी तो टेक्सासमध्ये सीमेवरच काढला होता. फक्त त्यावर चढवलेली गोष्ट वेगळी होती.

त्याच्या काही दिवस आधी पिंजऱ्यात झोपलेल्या मुलांचे फोटो व्हायरल झाले होते. ते निघाले २०१४ चे, म्हणजे ओबामा यांच्या काळातले. आणि 'सरकारने १,४७५ मुलं हरवली' हा आकडा? तीही वेगळीच मुलं होती. ती एकटी सीमेवर आली होती आणि नंतर अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे किंवा ओळखीच्यांकडे सोपवली गेली होती. सरकारी खात्याने चौकशीसाठी फोन केले तेव्हा इतक्या मुलांचा ठावठिकाणा नक्की करता आला नाही, एवढाच त्याचा अर्थ होता.

याचा अर्थ ताटातूट खोटी होती का? अजिबात नाही. ती भयंकर खरी होती. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन म्हणजे 'एसीएलयू' या संस्थेच्या हिशेबाने २०१७ पासून ५,५०० हून जास्त मुलं आईवडिलांपासून वेगळी केली गेली. पण ही मुलं व्हायरल फोटोत नव्हती. ती नेमकी कोण, त्यांचे आईबाप कुठे, हे सोशल मीडियाला माहीत नव्हतं आणि गंमत म्हणजे सरकारलाही धड माहीत नव्हतं. ते शोधून काढलं हातात कागद घेऊन, एकेका माणसाला तेच ते प्रश्न विचारणाऱ्या काही लोकांनी. त्यात संस्थांचे पगारी वकील होते, सुट्टी टाकून आलेले वकील होते, कायद्याचे विद्यार्थी होते, दुभाषे होते.

आधी हे झालं कसं?

६ एप्रिल २०१८ ला तेव्हाचे ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी 'झिरो टॉलरन्स' धोरण जाहीर केलं. सीमा बेकायदा ओलांडणाऱ्या प्रत्येकावर फौजदारी खटला भरायचा. हा गुन्हा तसा किरकोळ आहे, पहिल्यांदा केला तर जास्तीत जास्त सहा महिने कैद. आधी मुलं सोबत असलेल्यांवर सहसा असे खटले भरले जात नसत. आता भरायचं ठरलं.

खटला भरला की आईबाप कोठडीत. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. मग त्याची नोंद 'सोबत कोणी नसलेलं मूल' अशी करायची आणि ७२ तासांत आरोग्य खात्याच्या ताब्यात द्यायचं. तिथून ते देशभरातल्या कुठल्याही निवारागृहात जाणार. न्यूयॉर्क, शिकागो, कुठेही. टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिलला तर वॉलमार्टच्या जुन्या दुकानात सुमारे दीड हजार मुलगे ठेवले होते.

५ मे ते ९ जून या पाच आठवड्यांत २,३४२ मुलं अशी वेगळी झाली, हा खुद्द सरकारचा आकडा. पुढे हेही उघड झालं की २०१७ मध्येच एल पासो भागात याची गुपचूप तालीम झाली होती.

या सगळ्यातली कळीची गोष्ट एकच. अनेक आईबापांना कोर्टात त्याच दिवशी 'जेवढी कोठडी झाली तेवढी पुरे' अशी शिक्षा व्हायची. म्हणजे सकाळी कोर्टात गेलेली आई काही तासांत परत यायची. तोवर मूल तिथून हललेलं असायचं.

मॅकॲलनचं कोर्ट

टेक्सासच्या अगदी दक्षिण टोकाला मॅकॲलन नावाचं शहर आहे. तिथल्या फेडरल कोर्टात रोज सकाळी हातापायांत बेड्या घातलेल्या स्थलांतरितांना गटागटाने आणलं जायचं. सुनावणीही गटानेच व्हायची. सरकारने नेमलेले बचाव पक्षाचे वकील त्यांना भेटायचे, आणि मे महिन्यात या वकिलांच्या लक्षात आलं की अशिलांना स्वतःच्या खटल्याचं काहीच पडलेलं नाही. ते एकच विचारतायत, माझं मूल कुठं आहे?

या वकिलांनी 'टेक्सास सिव्हिल राइट्स प्रोजेक्ट' या संस्थेला कळवलं. संस्थेचे वकील एफ्रेन ऑलिव्हारेस आणि त्यांचे सहकारी २४ मे २०१८ पासून रोज सकाळी कोर्टात जायला लागले. सुनावणी सुरू होण्याआधी थोडा वेळ मिळायचा. मुलापासून तोडलं गेलंय त्यांनी हात वर करा, असं सांगितलं जायचं. मग एकेकाशेजारी बसून माहिती लिहून घ्यायची. प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटं.

त्या काही मिनिटांत काय विचारणार?

स्वतःचं पूर्ण नाव, जन्मतारीख, देश. मुलाचं नाव, वय. शेवटचं कुठे पाहिलं. सोपं वाटतं. पण समोरच्या बाईला रडू आवरत नाही, बाजूला पहारा आहे, वेळ संपत आलीय आणि अजून बरेच जण रांगेत आहेत. तिला धीर द्यायचा की स्पेलिंग विचारायचं? ऑलिव्हारेस यांनी पुढे या अनुभवावर पुस्तकच लिहिलं. नावातलं एक अक्षर चुकलं तर पुढच्या कागदावर ते मूल सापडणार नाही, म्हणून स्पेलिंग विचारावंच लागायचं.

नावांचा घोळ तर वेगळाच. मध्य अमेरिकेत मुलाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं आणि एक आईकडचं. त्यामुळे मुलाचं पहिलं आडनाव आईच्या आडनावाशी जुळत नाही. त्यात नोंद करणाऱ्याने दुसरं आडनाव गाळलं की कागदावर मायलेक एकमेकांचे कोणीच उरत नाहीत. मराठी नावात निदान मधे वडिलांचं नाव असतं, तेवढा धागा तरी राहतो. (परदेशात फॉर्म भरताना त्या मधल्या नावाचं काय होतं हे अनेक मराठी घरांना ठाऊक असेल, पण तो विषय वेगळा.)

दुसरी अडचण भाषेची. ग्वाटेमालातून आलेले सगळे स्पॅनिश बोलतात असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात त्यातल्या अनेकांची भाषा माम, किचे किंवा केकची असते. या माया भाषा आहेत, स्पॅनिशशी त्यांचं काही नातं नाही. असा माणूस स्पॅनिश प्रश्नाला 'हो' म्हणाला तर त्याला प्रश्न कळलाय की तो घाबरून मान हलवतोय, हे ओळखणं हीसुद्धा छाननीच.

भारतीय माणसांच्या बाबतीतही हेच घडलं. २०१८ च्या उन्हाळ्यात ओरेगॉन राज्यातल्या शेरिडन इथल्या तुरुंगात १२३ स्थलांतरितांना ठेवलं होतं, त्यात ५२ भारतीय होते. बरेचसे पंजाबी बोलणारे. वकिलांना त्यांना भेटू देण्यासाठी आधी कोर्टात जावं लागलं आणि मग पंजाबी-हिंदी येणाऱ्या दुभाष्यांची शोधाशोध सुरू झाली. गुजरातहून आलेल्या एका आईची आणि तिच्या पाच वर्षांच्या अपंग मुलाची ताटातूट झाल्याची बातमीही त्याच सुमारास आली होती.

मॅकॲलनमध्ये काही आठवड्यांत पावणेचारशेहून जास्त पालकांच्या अशा नोंदी झाल्या. कोणी सांगत होतं, मुलाला आंघोळीला नेतो म्हणून नेलं ते परत आणलंच नाही. कोणाला सांगितलं होतं, तू कोर्टातून आलास की मूल इथंच असेल. ३१ मे ला संस्थेने इतर संस्थांसोबत आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाकडे तातडीची दाद मागितली.

या लोकांच्या हातात मूल परत देण्याचा कसलाही अधिकार नव्हता. ते फक्त नोंद करू शकत होते. पण सरकारकडे तेवढीही नोंद नव्हती, हे महिनाभराने कळलं.

सामानाची पावती होती, मुलांची नव्हती

२० जूनला ट्रम्प यांनी चौफेर टीकेनंतर हे धोरण थांबवण्याचा आदेश काढला. पण आधी तोडलेल्या मुलांचं काय, यावर त्यात काही नव्हतं. २६ जूनला सॅन दिएगोचे न्यायाधीश डेना सॅब्रॉ यांनी आदेश दिला की पाच वर्षांखालच्या मुलांना १४ दिवसांत आणि बाकीच्यांना ३० दिवसांत पालकांकडे परत द्या.

त्या आदेशात सॅब्रॉ यांनी एक बोचरी गोष्ट नोंदवली. कोठडीत घेतलेल्या माणसाचे पैसे, कागदपत्रं, गाडी यांचा हिशेब सरकार व्यवस्थित ठेवतं. त्याच्या मुलाचा हिशेब ठेवायला मात्र काही व्यवस्थाच नाही.

हे शब्दशः खरं होतं. सीमेवरच्या गस्तीदलाची कॉम्प्युटर यंत्रणा वेगळी, कोठड्या चालवणाऱ्या खात्याची वेगळी, मुलं सांभाळणाऱ्या आरोग्य खात्याची तिसरीच. प्रत्येक माणसाला एक नंबर मिळतो, तसा आईला एक आणि मुलाला एक मिळाला. पण हे दोन नंबर एकमेकांचे आहेत हे सांगणारी नोंद तिन्ही ठिकाणी टिकलीच नाही. शेवटी आरोग्य खात्याला आपल्या ताब्यातल्या सुमारे १२,००० मुलांच्या फाइली माणसं बसवून तपासाव्या लागल्या.

आणि चार वर्षांचं मूल स्वतःबद्दल काय सांगणार? आईचं नाव विचारलं तर 'मम्मी'. 'प्रोपब्लिका' या संस्थेने १८ जूनला एका सरकारी केंद्रातली ध्वनिफीत प्रसिद्ध केली होती. त्यात रडणाऱ्या मुलांमध्ये एल साल्वादोरची सहा वर्षांची एक मुलगी मावशीला फोन लावा म्हणून विनवत होती. तिला मावशीचा नंबर तोंडपाठ होता. तिच्याइतकं नशीब बाकीच्यांचं नव्हतं.

३० दिवसांची मुदत संपली तेव्हा १,४४२ मुलं कोठडीतल्या पालकांना परत मिळाली होती. ७११ राहिली होती. त्यातल्या ४३१ मुलांचे आईबाप तर तोवर अमेरिकेबाहेर गेले होते, बहुतेक जण मुलाशिवाय हद्दपार होऊन.

छाननी सरकारही करत होतं

इथे थोडं थांबायला हवं. कारण 'प्रत्येक मूल लगेच परत द्या' हे पोस्टमध्ये लिहायला सोपं आहे. ज्याच्या हातात मूल द्यायचं तो खरंच बाप आहे का, हे तपासायला नको का?

तपासायला हवं. पाच वर्षांखालच्या १०३ मुलांपैकी ५७ मुलं जुलैच्या मुदतीत परत दिली गेली. ४६ जणांच्या बाबतीत सरकारने नकार दिला किंवा असमर्थता दाखवली. त्यात काही प्रौढांवर गंभीर गुन्हे होते, काही पालक आधीच हद्दपार झाले होते आणि सात जण मुलाचे पालकच नव्हते, असं सरकारने सांगितलं. हा आकडा लहान आहे, पण शून्य नाही. मुलांची तस्करी करणारा माणूसही 'मी बाप आहे' असंच सांगतो. त्यामुळे मदत मागणाऱ्याची छाननी करणं हा स्वयंसेवकांच्या मनाचा कोतेपणा नव्हता.

प्रश्न असा होता की संशय आला तर आधी तपासायचं की आधी तोडायचं?

ज्या खटल्यामुळे हा सगळा आदेश निघाला त्याची सुरुवातच यातून झाली. काँगोहून आलेली एक आई १ नोव्हेंबर २०१७ ला सहा वर्षांच्या मुलीला घेऊन सॅन दिएगोजवळच्या अधिकृत चौकीवर आली आणि तिने रीतसर आश्रय मागितला. तिने सीमा बेकायदा ओलांडली नव्हती. तरी काही दिवसांत मुलीला वेगळं करून शिकागोला पाठवलं गेलं. ही खरंच आई आहे का याची खात्री नव्हती, असं सरकारने नंतर सांगितलं. कोर्टाच्या कागदांत या आईचं नाव 'मिस एल' एवढंच आहे. एसीएलयूचे वकील ली गेलर्न्ट यांनी २६ फेब्रुवारी २०१८ ला तिच्या वतीने दावा दाखल केला. मार्चमध्ये डीएनए चाचणी झाली, ती आईच निघाली. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्याचं काम होतं. त्यासाठी चार महिने गेले होते.

धोरण अधिकृतपणे थांबल्यावरही हे चालू राहिलं. आता कारण असायचं 'मुलाची सुरक्षितता'. एसीएलयूने जुलै २०१९ मध्ये कोर्टाला सांगितलं की आदेशानंतरच्या वर्षभरात आणखी ९११ मुलं तोडली गेली. त्यातलं साधारण दर पाचातलं एक मूल पाच वर्षांखालचं होतं. कारणं वाचण्यासारखी आहेत. एका बापाची वर्षाची मुलगी घेतली, कारण आजारी मुलगी ओल्या डायपरमध्ये झोपली होती. एका बापाला बोलण्याचा दोष होता. अधिकाऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरं त्याला नीट देता आली नाहीत म्हणून चार वर्षांचा मुलगा घेतला. काहींचे जुने वाहतुकीचे गुन्हे पुरेसे ठरले.

बोलताना अडखळणारा माणूस खोटं बोलतोय असं वाटू शकतं. घाबरलेला माणूसही अडखळतो. मॅकॲलनमध्ये कागद घेऊन बसलेल्यांना हा फरक रोज करावा लागत होता.

जानेवारी २०२० मध्ये सॅब्रॉ यांनी यातल्या बहुतेक मुद्द्यांवर सरकारच्या बाजूने निकाल दिला. सीमेवरच्या अधिकाऱ्याला काही निर्णयाचं स्वातंत्र्य हवं, असं त्यांचं म्हणणं पडलं. पण पालकत्वावर संशय असेल तर मूल तोडण्याआधी डीएनए चाचणी करा, हे त्यांनी बंधनकारक केलं.

मावशी कुटुंबात येते का?

धोरण मागे घेतल्यावर मॅकॲलनच्या कोर्टात रोज जायची काय गरज, असं कोणालाही वाटलं असतं. संस्था जात राहिली. २२ जून ते १७ डिसेंबर २०१८ या काळात तिथल्या लोकांनी १०,०३४ माणसांना विचारलं की तुमच्यासोबत कोणी मूल होतं का.

२७२ जणांनी हो सांगितलं.

त्यात आईवडील किंवा कायदेशीर पालक फक्त ३८ होते. मग बाकीचे कोण? मावशी, काका, आजी, नुकतीच अठरा पूर्ण झालेली मोठी भावंडं.

अमेरिकन कायद्यात सांभाळायला आईवडील किंवा कायदेशीर पालक सोबत नसतील तर ते मूल 'एकटं' धरलं जातं. आजीच्या कडेवर असलं तरी. त्यामागचा हेतू वाईट नाही, नात्याचं सोंग घेणाऱ्या तस्करांपासून मुलांना वाचवणं हाच आहे. पण आईबाप मारले गेल्यावर किंवा परदेशी कामाला गेल्यावर आजीने वाढवलेली मुलं मध्य अमेरिकेत खूप आहेत. आपल्याकडेही ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुलं सहा-सहा महिने गावी आजीकडे राहतात. त्या आजीकडे 'कायदेशीर पालक' असल्याचा कागद मागितला तर ती काय दाखवेल?

म्हणूनच प्रश्न कसा विचारला याला महत्त्व होतं. 'तुमचं मूल सोबत होतं का' असं विचारलं तर मावशी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणणार आणि पुढचा माणूस येणार. 'कोणी मूल' म्हटलं तरच ती बोलणार.

बोलली तरी उपयोग मर्यादित होता. सॅब्रॉ यांचा आदेश फक्त पालकांना लागू होता. उरलेली २३४ माणसं कागदावर आली, पण कोर्टाच्या त्या यादीत त्यांना जागा नव्हती. या सगळ्या प्रकरणातली ही बाजू सगळ्यात कमी बोलली गेलेली आहे.

पैसा आला, पुढे?

१६ जून २०१८ ला कॅलिफोर्नियातल्या एका जोडप्याने फेसबुकवर निधी गोळा करायला सुरुवात केली. उद्दिष्ट होतं १,५०० डॉलरचं, म्हणजे एका माणसाच्या जामिनापुरतं. टेक्सासमधल्या 'रायसेस' या संस्थेसाठी काही दिवसांत २ कोटी डॉलरहून जास्त जमले.

न्यूयॉर्कमध्ये काही लोकांनी ॲरिझोनातल्या कोठडीत असलेल्या एका आईचा जामीन भरला. तिच्याकडे विमानात चढायला ओळखपत्र नव्हतं. मग अनोळखी स्वयंसेवकांनी टप्प्याटप्प्याने गाडी चालवत तिला न्यूयॉर्कला मुलांपर्यंत पोहोचवलं. बातमी झाली आणि मदतीच्या विनंत्या येऊन पडायला लागल्या.

इथे नव्या प्रकारची छाननी सुरू होते. आधी कोणाचा जामीन भरायचा? ज्याचं मूल सगळ्यात लहान त्याचा? ज्याची हद्दपारी उद्यावर आलीय त्याचा? की ज्याचा जामीन कमी आहे त्याचा, म्हणजे तेवढ्याच पैशात आणखी दोघं सुटतील? याला बरोबर उत्तर नाही. कोणीतरी यादीत खाली जाणारच.

शिवाय फसवणूक. लॅटिन अमेरिकेत 'नोतारियो' म्हणजे मोठा वकील. अमेरिकेत 'नोटरी' म्हणजे सही-शिक्क्याचं काम करणारा माणूस. या शब्दाचा फायदा घेऊन स्थलांतरितांकडून पैसे उकळणारे तिथे वर्षानुवर्षं आहेत. फुकट मिळणाऱ्या फॉर्मसाठीही ते पैसे घेतात. त्यामुळे खरा स्वयंसेवक भेटला तरी समोरचा माणूस आधी त्याचीच छाननी करतो.

डोंगरातलं घर

हद्दपार झालेल्या पालकांना शोधायचं कोणी? ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने कोर्टात सुचवलं की एसीएलयूने आपल्या ओळखीच्या संस्थांमार्फत शोधावं. सॅब्रॉ यांनी ही जबाबदारी शंभर टक्के सरकारची आहे असं सुनावलं. तरी प्रत्यक्ष पायपीट शेवटी संस्थांनीच केली.

एक समिती नेमली गेली. त्यात 'जस्टिस इन मोशन' नावाची संस्था होती. तिचे मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास आणि एल साल्वादोरमध्ये स्थानिक वकिलांचे संबंध होते. त्यांच्या हातात सरकारकडून आलेली यादी असायची. तिच्यातले फोन नंबर अनेकदा बंद पडलेले, पत्ता म्हणजे नुसतं गावाचं नाव. मग मोटरसायकलने, बसने, काही ठिकाणी चालत तिथे पोहोचायचं आणि विचारत फिरायचं.

विचारायचं तरी कसं? हे लोक बऱ्याचदा टोळ्यांच्या धमक्यांमुळे पळाले होते. अनोळखी माणूस गावात येऊन एखाद्याचं नाव विचारत फिरू लागला तर लोक दारं लावून घेतात, आणि ते बरोबरच आहे. मोठ्याने नाव घेतलं तर ज्याच्यापासून तो लपलाय त्यालाही पत्ता लागेल. सोशल मीडियावर फोटो टाकून 'या बाईला ओळखता का' असं विचारणं इथे चालत नाही, ते याच कारणाने.

माणूस सापडला की खरा अवघड प्रश्न विचारायचा. मूल परत हवंय की अमेरिकेतच राहू द्यायचं?

वाचताना वाटेल, हा काय प्रश्न झाला. पण ज्या धोक्यातून मुलाला बाहेर काढलं त्याच गावात त्याला परत आणायचं, की अमेरिकेतल्या मामाकडे ठेवून आपण एकटं राहायचं? अनेकांनी दुसरा पर्याय निवडला. काहींनी सांगितलं की त्यांनी इंग्रजी कागदावर सही केली होती, त्याने मूल परत मिळेल असं समजून. प्रत्यक्षात ती मुलाशिवाय हद्दपारीला संमती होती. त्यामुळे या वकिलांना 'तुम्हाला काय हवंय' याआधी 'तुम्हाला त्या दिवशी काय सांगितलं होतं' हे विचारावं लागायचं.

ऑक्टोबर २०२० मध्ये कोर्टाला कळवलं गेलं की ५४५ मुलांचे पालक अजून सापडलेले नाहीत. त्याआधी काही महिने कोरोनामुळे गावागावांतला शोध थांबला होता.

आता काय स्थिती आहे?

बायडन सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये टास्क फोर्स नेमला. डिसेंबर २०२३ मध्ये सॅब्रॉ यांनी 'मिस एल' खटल्यातल्या समझोत्याला मंजुरी दिली. पात्र कुटुंबांना अमेरिकेत तात्पुरतं राहण्याची परवानगी, आश्रयासाठी पुन्हा अर्ज करण्याची संधी आणि समुपदेशन अशी मदत त्यात ठरली.

डिसेंबर २०२४ मध्ये 'ह्यूमन राइट्स वॉच'ने अहवाल दिला. त्यात सरकारी नोंदींच्या आधारे तोडलेल्या मुलांचा आकडा ४,६०० हून जास्त आहे आणि त्यातल्या १,३६० मुलांची पालकांशी गाठ पडल्याची नोंद नव्हती. एसीएलयूचा ५,५०० आणि हा ४,६००, हे दोन आकडे जुळत नाहीत, कारण कोणाला 'ताटातूट झालेलं' मोजायचं याच्या व्याख्या वेगळ्या आहेत. सोशल मीडियावर यातला कुठलाही आकडा दिसला तर तो कोणी, कधी आणि कोणाला धरून मोजलाय हे बघितलं पाहिजे.

२०२५ मध्ये ट्रम्प सरकारने या कुटुंबांना कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेचं कंत्राट थांबवलं. जूनमध्ये सॅब्रॉ यांनी हा समझोत्याचा भंग असल्याचा निकाल दिला. ज्यांना फॉर्म वाचता येत नाही त्यांच्यासाठी वकील नसणं म्हणजे फॉर्मच नसण्यासारखं होतं.

समझोत्यात आणखी एक अट आहे. असं सरसकट तोडण्याचं धोरण सरकारला आठ वर्षं आणता येणार नाही. मुलाला पालकापासून धोका असेल किंवा पालकावर गंभीर गुन्हा असेल तर अपवाद करता येतो, मात्र त्याचं कारण लिहून ठेवावं लागतं. ही बंदी डिसेंबर २०३१ मध्ये संपते.